नर्सिंगची ड्युटी सांभाळून प्रेम-रहस्याची कादंबरी कशी लिहावी

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच सिस्टर गुपचूप लिहितात. कुणी डायरीच्या मागच्या पानांवर, कुणी मोबाईलमध्ये. विचारलं की म्हणतात, कादंबरी लिहायची आहे, प्रेमाची, पण तिच्यात रहस्यही हवं, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी स्टाफ नर्स आहे आणि अशाच कादंबऱ्या लिहिते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. नव्याने लिहिणाऱ्यांना मी जो क्रम सांगते तोच इथे दिला आहे. तुम्ही सिस्टर असा की ब्रदर, नाशिकच्या सिव्हिलमध्ये असा की द्वारकेजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये, तो तुम्हाला उपयोगी पडेल.

पायरी १: रुग्ण वॉर्डातच ठेवून या

हे सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं. नवीन लिहिणारी म्हणते, माझ्याकडे इतक्या केसेस आहेत की दहा कादंबऱ्या होतील. त्या केसेस तुमच्या नाहीत. ज्या बाईने पडद्याआड तुम्हाला पाठीवरचे वळ दाखवले, तिने ते सिस्टरला दाखवले. तिला कुणी विचारलं नव्हतं की हे उद्या छापलं तर चालेल का.

नाव बदललं, गाव बदललं की झालं, असं वाटतं. नाशिक एवढं वाढलं तरी अजून असं शहर आहे की “सातपूरच्या कंपनीतला, धाकट्या भावाशी बोलणं टाकलेला, गॅसच्या भडक्यात भाजलेला” एवढ्यावरून चार माणसं बरोबर घर ओळखतात. म्हणून माझा नियम कडक आहे. ज्या घटनेवरून सुचलं तिचं कारण, तिच्यातली नाती आणि तिचा शेवट, हे तिन्ही बदलायचं. ते बदलल्यावर हातात जे उरतं ते घ्या: तुम्हाला स्वतःला त्या वेळी काय वाटलं, आणि माणसं कशी वागतात याबद्दल तुम्हाला काय कळलं. आयसीयूबाहेरच्या बाकाखाली चपलांचा ढीग असतो. डॉक्टर बाहेर आले की माणसं उठतात आणि आधी पायांनी चपला शोधतात, बातमी काय आहे ते कळायच्याही आधी. हे कुणा एका रुग्णाचं नाही. हे तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलंत म्हणून तुमचं आहे, आणि ते वाचकाला दुसरं कुणी देऊ शकत नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असू द्या. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे, आणि गर्भपाताच्या नोंदींसाठी १९७१ च्या एमटीपी कायद्यात २०२१ साली गोपनीयतेची तरतूद घातली गेली. केस पेपरचा, रिपोर्टचा, एक्स-रेचा फोटो “नंतर संदर्भाला” म्हणून मोबाईलमध्ये ठेवू नका. घरच्या वहीत रुग्णाचं आद्याक्षरसुद्धा नको.

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. पुस्तक काढण्याआधी आस्थापना शाखेत एक साधा अर्ज देऊन लेखी उत्तर घेऊन ठेवा. खासगी हॉस्पिटलात असाल तर नेमणूकपत्रातली गोपनीयतेची अट पुन्हा वाचा. टोपणनाव घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण टोपणनाव घेतलं म्हणून वरचा एकही नियम सैल होत नाही.

पायरी २: ड्युटीच्या तक्त्यात लिखाण बसवा

नाईट संपवून आल्यावर लिहू नका, झोपा. त्या वेळी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही. माझ्या मते सगळ्यात चांगली इव्हिनिंग ड्युटी. सकाळ ताजी असते, मुलं शाळेत असतात, आणि दीडच्या सुमाराला घर सोडायचंच असल्यामुळे टंगळमंगळ होत नाही. मॉर्निंगच्या आठवड्यात नवीन काही लिहायचा हट्ट धरू नका, आधीचं वाचून दुरुस्त करा.

बसमध्ये बसलात की फोनवर मराठी बोलून टाईप करता येतं. गुगलची सोय मराठीला चांगली चालते. संवाद असे बोलूनच लिहावेत, कानाला खोटा वाटणारा संवाद लगेच कळतो. मात्र बसमध्ये खून कसा झाला ते मोठ्याने सांगू नका, मागच्या सीटवरची आजी घाबरते. टाईप जे कराल ते युनिकोडमध्येच करा आणि रोज स्वतःला मेल करून ठेवा.

पायरी ३: प्रेमाचा प्रश्न आणि गुन्ह्याचा प्रश्न एकच करा

प्रेमकथा आणि रहस्यकथा शेजारी शेजारी ठेवून कादंबरी होत नाही. अर्ध्या पुस्तकात गाणी आणि अर्ध्यात पोलीस, अशा हस्तलिखितांना संपादक नकार देतात आणि बरोबर करतात. दोन्ही धाग्यांचा गाभा एकच लागतो: या माणसावर विश्वास ठेवायचा का? नायिकेला ज्याच्याबद्दल ओढ वाटते, त्याच्याकडेच संशयाची सुई जाऊ शकली पाहिजे. मग प्रत्येक भेट दोन कामं करते. तो पाण्याची बाटली पुढे करतो, तेव्हा एक मन म्हणतं किती काळजी घेतो, दुसरं म्हणतं आपण इथे एकट्या आहोत हे याला कसं कळलं.

नमुन्यादाखल एक कथानक रचून दाखवते, पुढच्या पायऱ्यांतही तेच वापरू. दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार. जमिनीचा एक तुकडा रस्त्यासाठी जाणार आहे, मोबदला मोठा आहे, भाऊबंदकी जुनी आहे. पावसाळ्यातल्या एका पहाटे या बागायतदाराला, म्हाताऱ्या काकांना, पंचवटीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात आणतात. पोटात कळ येते आहे, एक-दोन उलट्या झाल्या, जीभ जड झाली आहे. पुतणे म्हणतात, रात्री जरा जास्त झाली. ड्युटीवर आहे आपली नायिका, रेवती. आणि काकांना गाडीत घालून आणणाऱ्यांत एक परका आहे, भूमी अभिलेखचा भूकरमापक, जो त्या जमिनीची मोजणी करायला आलेला आणि वस्तीवरच मुक्कामाला होता. तो मदत करतो आहे. पण जमीन त्यानेच मोजली आहे, नकाशा त्याच्याच हातात आहे.

लिहायला बसण्याआधी एक तक्ता आखा. आपल्याला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) भरायची सवय आहे, तसाच. आडव्या ओळीत तास, उभ्या रकान्यात माणसं. गुन्हेगार त्या तासाला कुठे होता, नायक कुठे होता, रेवतीला तेव्हा काय ठाऊक होतं, वाचकाला काय ठाऊक होतं. शेवटच्या दोन रकान्यांत जिथे फरक पडतो तिथे उत्कंठा तयार होते. जिथे सलग पाच-सहा तास फरकच नाही, ते प्रकरण सपाट होणार हे आधीच समजा.

पायरी ४: एक वैद्यकीय प्रसंग नीट लिहून बघा

पूर्ण कादंबरीच्या आधी एकच प्रसंग लिहा, आणि तो तुमच्या हाताखालून रोज जाणाऱ्या कामाचा असू द्या. आपल्या कथानकात तो सर्पदंशाचा आहे.

काकांना मण्यार चावली आहे. हे वाचकाला अजून माहीत नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुतेक वेळा दुखतही नाही आणि दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो. नाशिक जिल्ह्यात पावसाळ्यात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला हे ठाऊक असतं, शहरातल्या वाचकाला नसतं.

कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर थकलेला आहे, पण निष्काळजी नाही. शंका म्हणून तो रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी सांगतो. रेवती शिरेतून दोनेक मिली रक्त काढते, नव्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेते आणि ट्यूब स्टँडमध्ये उभी करते. आता वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. हलवलं तर चाचणी वाया. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. बघा, घड्याळ आयतंच मिळालं. बाहेर पुतणे मोबाईलवर बोलत आहेत, भूकरमापक दाराशी उभा आहे, म्हातारा एकदा डोळे उघडतो आणि काहीतरी म्हणायला बघतो, आणि मध्ये ती लाल ट्यूब.

वीस मिनिटं संपतात. रेवती ट्यूब तिरकी करते. रक्त गोठलेलं आहे. सगळे सुस्कारा सोडतात: साप नाही. वाचकही सुस्कारा सोडतो. पण ही चाचणी घोणस आणि फुरशाचं विष पकडते, कारण ते विष रक्तावर काम करतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर काम करतं, रक्त नेहमीसारखं गोठतं. रेवती काकांच्या पापण्यांकडे बघते. मघाशी अर्ध्या होत्या, आता आणखी खाली आल्या आहेत. ती निदान करत नाही, तो तिचा अधिकार नाही. ती म्हणते, “सर, एकदा डोळे बघता का?” आणि नोट्समध्ये लिहिते: ५.४० वाजता डॉक्टरांना कळवले.

या एका ओळीवर पुढचं पुस्तक चालू शकतं. नर्सिंग नोट्समध्ये खाडाखोड करायची नसते, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची, हे आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवतात. समजा दोन दिवसांनी रेवतीला दिसतं की ५.४० च्या जागी कुणीतरी ६.४० केलं आहे. तिला आरडाओरडा करायची गरज नाही. तिचं अक्षर तिला माहीत आहे.

आणि याच दंशाने आणखी एक गोष्ट दिली आहे. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला, व्हेंटिलेटरवरचा माणूस बाहेरून गेल्यासारखा दिसतो. पापणी हलत नाही, बाहुल्यासुद्धा प्रतिसाद देत नाहीत. पण तो शुद्धीवर असू शकतो, ऐकू शकतो. म्हणूनच आपण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाशी बोलत बोलत काम करतो. पुतण्याला हे माहीत नाही. भेटीच्या वेळेत तो खाटेशी वाकून जे बोलतो, ते काका ऐकत आहेत. त्यांना रात्री ओट्यावरून उचलून शेडमधल्या जमिनीवर कुणी झोपवलं, हे त्यांना आता कळतं, आणि सांगता येत नाही. विष उतरायला किती दिवस लागतील, आणि तोवर पुतण्याला संशय येईल का, इथून रहस्य ताणायचं.

अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात आधी शुश्रूषेचं आणि मग औषधालयातलं काम करत होत्या, पहिली कादंबरी १९२० साली आली. विषांबद्दलची त्यांची जाण औषधांच्या कपाटाशेजारी तयार झाली होती. तुमचं कपाट वेगळं आहे, त्यात सर्पदंशाची लस आणि काचेची ट्यूब आहे. तिथूनच सुरू करा. फक्त औषधाचा डोस, तो कुणाच्या नकळत कसा द्यायचा, याची कृती छापू नका. कथेला तिची गरज कधीच नसते आणि चुकीच्या हाती पुस्तक पडू शकतं.

पायरी ५: आपण असताना या चुका पुस्तकात नकोत

मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देत नाहीत. तिथे छाती दाबणं आणि औषधं असतात. शॉक व्हीएफसारख्या, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असतानाच्या लयीला. छाती दाबण्याची गती मिनिटाला १०० ते १२०, आणि खोली निदान ५ सेंटीमीटर, म्हणजे नायकाच्या छातीवर हळुवार हात ठेवून तो उठणार नाही. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मने कुणी दोन सेकंदांत पडत नाही, मिनिटं लागतात. खांद्यात गोळी म्हणजे किरकोळ जखम नव्हे, तिथून मोठी धमनी आणि हाताच्या मज्जातंतूंचं जाळं जातं. डोक्याला मार लागून तासभर बेशुद्ध राहिलेला नायक लगेच मोटारसायकलवर बसणार नाही. स्मृती गेलीच तर ती बहुतेक त्या अपघाताच्या आसपासची जाते, आपलं नाव-गाव विसरणं फार दुर्मीळ.

उलट बाजूची चूकही आपणच करतो: ज्ञान सांडत बसायचं. वाचकाला सॅच्युरेशनचा आकडा नको, तो आकडा बघून इन्चार्ज सिस्टरने खुर्ची मागे सारली हे हवं. समजावून सांगावंच लागलं तर नातेवाइकाच्या तोंडी प्रश्न घाला आणि आपण रोज देतो तसं दोन वाक्यांत उत्तर द्या.

पायरी ६: प्रेम लिहिताना

नर्स-नायिकेच्या प्रेमकथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: स्पर्श. आपण दिवसभर परक्या माणसांना हात लावतो. नाडी, पाठ पुसणं, कूस बदलणं. त्यात लाज नसते, ओढ नसते, काळजी असते. म्हणून रेवतीने भूकरमापकाचा हात धरला, एवढ्याने वाचकाला काही होणार नाही. तिने तो धरला आणि बोटं आपोआप नाडीवर गेली, मग तिने ती जाणीवपूर्वक उचलली आणि नुसता हात हातात ठेवला, तर होईल. कामाचा स्पर्श कुठे संपतो ते तुम्हाला इंचाने माहीत आहे. त्या इंचावर प्रसंग लिहा.

नायक तिचा चालू रुग्ण असू नये, हे माझं ठाम मत आहे. जो खाटेवर पडून आहे, ज्याचं अंग ती पुसते, ज्याची वेदना तिच्या इंजेक्शनवर अवलंबून आहे, त्याच्याशी बरोबरीचं प्रेम होत नाही. नातेवाईक घ्या, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर घ्या, मेडिकल दुकानदार घ्या, हवालदार घ्या. रुग्णच हवा असेल तर डिस्चार्जनंतर निदान काही महिने जाऊ द्या आणि मग गाठ घाला.

अडथळ्यांसाठी खलनायक शोधत फिरू नका. बघायला आलेल्या माणसांनी पोहे खाताना विचारलेला “नाईट सुटेल का हो लग्नानंतर?” हा प्रश्न पुरतो. त्या प्रश्नात सासूची भीती आहे, नवऱ्याची आहे, शेजाऱ्यांची आहे, आणि मुलीच्या पगारावर ठेवलेला डोळाही आहे. रेवती काय उत्तर देते यावर तिची सगळी व्यक्तिरेखा ठरते. भूकरमापक हा प्रश्न विचारतच नाही, रात्री दीडला स्टाफरूमच्या लँडलाईनवर फोन करून जेवलीस का विचारतो. यावर मी विरघळले असते. आणि तरी तिला दिसायला हवं की त्याला हा नंबर कुणी दिला, हे त्याने सांगितलेलं नाही.

पायरी ७: नाशिकला काम द्या

गोदाघाटाचं वर्णन, काळाराम मंदिर, चिवडा, द्राक्षं, असा पानभर फेरफटका मारला म्हणजे गाव आलं असं होत नाही. गावाने कथेत काहीतरी अडवलं किंवा उघडं पाडलं पाहिजे.

पूर घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की क्युसेकचे आकडे मोबाईलवर फिरू लागतात आणि अख्खं गाव गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही नाशिककरांची मोजपट्टी आहे. नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. सराफ बाजारातले लोक माल हलवतात, घाटावरच्या टपऱ्या उचलल्या जातात, खालचे पूल बंद होतात. आता रेवती पंचवटीच्या बाजूला हॉस्पिटलात आहे आणि खाडाखोड होण्याआधीच्या नोट्सची, ज्यांत ५.४० लिहिलेलं आहे, झेरॉक्स नदीपलीकडे रविवार कारंजाजवळच्या खोलीत आहे. मारुतीच्या कमरेला पाणी असताना ती निघाली. वेगळी उत्कंठा कशाला निर्माण करायची?

रंगपंचमीच्या रहाडी आहेत, जिथे हौदात उडी मारून वर आलेला प्रत्येक माणूस एकाच रंगाचा होतो आणि कुणी कुणाला ओळखत नाही. सिंहस्थ आहे, मागचा २०१५ चा, तेव्हा रस्ते बंद असतात आणि पायी चालण्याशिवाय गत्यंतर नसतं. पहाटेची पंचवटी एक्सप्रेस आहे, रोज त्याच डब्यात बसणारी माणसं आणि एके दिवशी रिकामी राहिलेली जागा. यातलं एकच निवडा. सगळं कोंबलं तर जत्रा होईल.

बोलीकडेही लक्ष द्या. दिंडोरी-पेठकडून आलेला नातेवाईक, सिडकोतला कामगार, जुन्या नाशकातली मावशी, कॉलेज रोडची मुलगी, ही चौघं सारखी बोलत नाहीत. आपल्या वॉर्डात चौघंही असतात. कान तयार आहेत, फक्त विश्वास ठेवा.

पायरी ८: पोलीस आणि कोर्ट बरोबर लिहा

एमएलसीची, म्हणजे पोलीस केस ठरणाऱ्या रुग्णाची वर्दी हॉस्पिटलमधून पोलिसांना जाते, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं विचारून घ्या. संशयास्पद मृत्यू झाला की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंचनामा होतो, थेट खुनाचा गुन्हा लागत नाही. मृत्यूपूर्व जबाब साधारणपणे कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, घेतात, आणि रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टर लिहून देतात. सिस्टर तिथे उभी असते. हा प्रसंग मराठी रहस्यकथेत सिस्टरच्या नजरेतून आलेला मला फारसा दिसत नाही, तो तुम्ही लिहा.

कथा कोणत्या वर्षात घडते ते ठरवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्याआधीच्या खुनाला भादंविचं ३०२, नंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं १०३. पंचनामा आधी सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) १७४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. आजच्या काळातल्या तुमच्या फौजदाराने “तीनशे दोन लावतो” म्हटलं तर वकील वाचक पुस्तक मिटेल. हां, जुन्या हवालदाराच्या तोंडून सवयीने ३०२ निघू शकतं आणि साहेब त्याला दुरुस्त करतात, तेही छान दिसेल.

पायरी ९: दाखवा, मग पाठवा

खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग दोघांना वाचायला द्या: एक दवाखान्याशी संबंध नसलेला, आणि एक आपल्या कामातला पण दुसऱ्या हॉस्पिटलातला. पहिल्याला विचारा, कंटाळा कुठे आला. दुसऱ्याला एकच विचारा, यात तुला कुणी ओळखीचं दिसलं का. उत्तर हो आलं तर पहिल्या पायरीवर परत जा, कितीही जीव आला असला तरी.

वाचन आणि माणसं, दोन्हींसाठी नाशिकमध्ये सोय आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, सभासद व्हा आणि रहस्य व प्रेमकथांच्या कपाटापुढे उभं राहून बघा, कोणती पुस्तकं वाचून वाचून झिजली आहेत. कुसुमाग्रज स्मारकात साहित्याचे कार्यक्रम होतात, मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. इव्हिनिंग ड्युटी असेल तर अदलाबदल करून जा.

पहिली कादंबरी थेट प्रकाशकाकडे नेण्याआधी एक दीर्घकथा दिवाळी अंकाला पाठवून बघावी, असं मी सुचवते. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही वाट नवीन लेखकाला अजूनही आपलीशी करते. संपादक उन्हाळ्यातच कामाला लागतात, तेव्हा जूनच्या आत पाठवा, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. प्रतिलिपी या ॲपवर प्रकरणं टाकता येतात, वाचक लगेच बोलतात, पण पूर्ण कादंबरी तिथे टाकली तर छापील पुस्तकासाठी काही प्रकाशक नाखूश असतात. आधी विचारा. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतःचं स्वतः काढता येतं.

प्रकाशकाला पाठवताना पूर्ण हस्तलिखित, दोन पानांचा सारांश (शेवटासकट, रहस्य लपवू नका) आणि स्वतःबद्दल चार ओळी. नर्स आहात हे लिहा. कोणत्या हॉस्पिटलात ते लिहू नका.

करार वाचल्याशिवाय सही करायची नाही. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे. हक्क देण्याचा करार लेखी लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कलम १९ प्रमाणे तो ५ वर्षांचा धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून “कायमस्वरूपी सर्व हक्क” असं वाक्य दिसलं की थांबा आणि मुदत लिहून मागा. ई-पुस्तक, ऑडिओ, मालिका किंवा चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे मोजायला लावा. ऑडिओला हल्ली मराठीत चांगली मागणी आहे आणि रहस्यकथा ऐकायला लोकांना आवडते. लेखकाचा हक्क हयातभर आणि नंतर ६० वर्षं असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर कामी येते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. आणि पुस्तक काढण्यासाठीच पैसे मागणारा प्रकाशक भेटला, तर किती प्रती छापणार, कुठल्या दुकानांत ठेवणार आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही काढू नका. आपला पगार कसा येतो ते आपल्याला माहीत आहे.

नोकरीचं काय करायचं

पहिलं पुस्तक हातात आलं की राजीनामा खुणावतो. मी थांबा म्हणते. रॉयल्टी वर्षातून एकदा येते, घराचा हप्ता दर महिन्याला. त्याहून मोठं कारण असं की तुमच्या लिखाणाला लागणारं सगळं अजून वॉर्डातच तयार होतं आहे. पूर्ण वेळ जमत नसेल तर अर्धवेळ बघा, होम केअर बघा, ओपीडीला बदली मागा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र चालू ठेवा, नूतनीकरणाची तारीख आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे तास चुकवू नका. दुसऱ्या कादंबरीच्या मध्यावर पैसे संपले तर नोंदणी चालू असलेल्या सिस्टरला नाशिकमध्ये काम मिळतं.

इन्चार्ज सिस्टरला ड्युटी बदलून मागताना खरं कारण सांगा. लिहायला सकाळ हवी आहे म्हणा. माझ्या अनुभवात त्या आधी कपाळाला आठी घालतात, मग विचारतात त्यात मी आहे का, आणि मग पुढच्या तक्त्यात इव्हिनिंग लावून देतात.